तळघरात शिकलेल्या मॅडम

आमच्या गंगाखेडच्या दवाखान्यात रुजू झाल्या त्याच दिवशी नव्या डॉक्टर मॅडमनी सगळ्या खाटा खिडक्यांपासून लांब ओढल्या. आमच्याकडे नातेवाइकांचा डबा खिडकीतूनच आत येतो, त्यामुळे वॉर्डात बोंबाबोंब झाली. मी तिथली सिस्टर, नोकरीत केस पिकलेली. मीही तोंड वाकडं केलं. "काचा फुटल्या की आधी पेशंटला लागतंय, सिस्टर," त्या शांतपणे म्हणाल्या.

मॅडम मूळच्या पाथरीच्या. डॉक्टरकी शिकायला परदेशी गेल्या आणि तिथं युद्ध पेटलं. घरचे इकडे रडत असताना या बाई हॉस्पिटलच्या तळघरात जखमींची सेवा करत थांबल्या. तिथल्या सवयी इथं घेऊन आल्या. "लाईट हाय तवर फोन, बॅटऱ्या भरून घ्या," हे त्यांचं पालुपद. आम्ही त्यांना चार्जिंगवाल्या मॅडम म्हणायचो, अर्थात पाठीमागे.

एका पावसाळ्यात वादळानं तारा तुटल्या आणि पुरानं परभणीचा रस्ता बंद झाला. नेमकं त्याच सकाळी दिवस न भरलेलं एक बाळ जन्मलं. आई तापानं थरथरत होती. जनरेटर घरघरून बंद पडला, त्याबरोबर बाळाला ऊब देणारं यंत्रही. बाळ गार पडायला लागलं.

मॅडमनी बापाला आत बोलावलं. उसाच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, भरघोस मिशांचा. "शर्ट काढा आन् लेकराला छातीला लावून बसा."

"म्याडम, हे बायांचं काम हाय."

"तिकडं बंदूकवाले बसायचे असं. बसा."

बसला बिचारा, लाजून चूर. इन्व्हर्टरची बॅटरी उतरली होती, म्हणून त्याच्याच ट्रॅक्टरची बॅटरी आम्ही त्याला जोडली आणि ऑक्सिजनचं यंत्र चालवलं. परभणीचे बालरोगतज्ज्ञ मॅडमच्या फोनवर व्हिडिओतून बघून सांगत राहिले. दुपारपर्यंत बाळ गुलाबी झालं. पूर ओसरून अँब्युलन्स आली तर गडी बाळ सोडायला तयार होईना. बाळ-बाळंतिणीबरोबर तसाच उघडा परभणीला गेला. आम्ही हसून बेजार झालो.

मॅडम मात्र पायरीवर बसून होत्या. "तिकडं बी असंच एक बाळ होतं, सिस्टर. मीच छातीला धरून बसले होते. मग आमा शिकणाऱ्या पोरांना बसमधी घालून सीमेकडं धाडलं. ते जगलं का न्हाई, आजवर कळलं न्हाई."

मी त्यांना चहा आणून दिला.

पुढच्या शिक्षणासाठी त्या निघाल्या तेव्हा ड्रायव्हर साडी-चोळीचा आहेर घेऊन आला. मॅडमनी तो परत केला. "आहेर नको. लेकरू कसं हाय तेवढं कळवत जावा."

दर रविवारी तो त्यांना फोटो धाडतो. लेकराला साधी सर्दी झाली तरी कळवतो.