अक्कांच्या कुलपाआडचे बिबडे

आधीच सांगते, मी जळगावच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. भुताखेतांचा विषय निघाला की "पुरावा दाखवा" म्हणून भांडणारी मीच! त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... आणि खरी लाज तर वेगळ्याच गोष्टीची आहे.

आमचं घर नशिराबादला. शेजारी अक्का एकट्याच राहायच्या. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे बोलणं शेवटपर्यंत अहिराणी. आमच्या गच्च्या एकमेकींना लागून. त्यांच्या बाजूला पत्र्याची छोटी खोली, जाळीच्या दाराची. दर उन्हाळ्यात आम्ही मिळून ज्वारीचे बिबडे, म्हणजे पीठ शिजवून थापलेले पापड, करायचो आणि गच्चीवर खाटांवर वाळवायचो. गल्लीचा नियम एकच — आभाळ आलं की जी घरी असेल तिने सगळ्यांचं वाळवण उचलायचं.

गेल्या उन्हाळ्यात चार बायकांत अक्का हसून म्हणाल्या, "पीठ कच्चं शे व, नोकरीवाली!" बस्स, मला झोंबलं. बोलणं बंद. पुढच्याच आठवड्यात वादळ आलं, तेव्हा अक्का बाजारात होत्या. मी गच्चीवर गेले, माझी खाट आत ओढली आणि त्यांची तशीच सोडली. हो, जाणूनबुजून! सगळ्या बिबड्यांचा लगदा झाला. अक्का आल्या, पाहिलं, लगदा पाटीत भरला आणि खाली घेऊन गेल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

हिवाळ्यात त्यांना लकवा झाला. लेक शैला त्यांना धुळ्याला घेऊन गेली, सगळ्या किल्ल्यांसकट. मी भेटायला गेले नाही. माफी मागायची होती, पण कुठल्या तोंडाने मागायची? दर रविवारी म्हणायचे, पुढच्या रविवारी नक्की.

यंदा एप्रिलमध्ये एकटीनेच बिबडे घातले, खाट गच्चीवर ठेवली आणि कॉलेजला गेले. दुपारी साडेतीनला आभाळ काळंठिक्कर झालं. वारा, गारा, धो धो पाऊस... हायवेवर निंबाचं झाड आडवं, बस तासभर अडकलेली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा पार झोपलेल्या. लोकांचं एवढं नुकसान, आणि मी मेली बिबड्यांचा विचार करतेय!

घरी पोचले तर गच्चीवर खाट नाही. उडाली वाटतं, म्हणून इकडेतिकडे पाहिलं — खाट अक्कांच्या खोलीत होती. जाळीच्या आत. बाहेर कुलूप, गंजलेलं, जसंच्या तसं. खाटेवर अक्कांचं जुनं हिरवं लुगडं, चारी टोकं खुरांना बांधलेली. सगळं कोरडं ठणठणीत! गल्लीत विचारलं. गारांमध्ये कुणी दाराबाहेर पाऊलही टाकलं नव्हतं.

मी शैलाला फोन लावला. मी काही सांगायच्या आत तीच म्हणाली, "अगं, तुझंच नाव निघालं होतं. आई महिनाभर कूससुद्धा बदलत नव्हती, आज दुपारी एकदम उठून बसली. म्हणे, 'पानी ई राह्यनं, पोरीना बिबडा उचला, बठ्ठा वल्ला व्हई जातीन!' पोरीचे म्हणजे तुझेच गं, सगळे ओले होतील म्हणून. मग कितीतरी वेळ धापा टाकत होती, जिना चढून आल्यासारखी. आता जागी आहे, देऊ का फोन?"

आणि मी म्हणाले, "नको, आराम करू दे. रविवारी येतेच मी."

शनिवारी पहाटे अक्का गेल्या.

तेराव्यानंतर शैला आली, कुलूप उघडलं. खाट दारातून सरळ निघेना. तिरपी करून दोघींनी कशीबशी काढली, तरी तीन-चार बिबडे सांडलेच. शैलाने त्यातला एक मोडून तोंडात टाकला. म्हणाली, "आईने शेवटी एवढंच विचारलं होतं, यंदा पीठ शिजनं का तिनं? तुझं पीठ छान शिजलंय गं." मी सांडलेले बिबडे वेचायला बसले आणि ओक्साबोक्शी रडले.

बंद कुलपाआड खाट कशी गेली, कुणी नेली? लॅबमध्ये डोकं खाजवून झालं, सापडलं नाही. पण खरं सांगू? रात्रंदिवस छळतं ते वेगळंच. अक्का त्या फोनपासून हातभर अंतरावर होत्या, जाग्या होत्या... आणि मी "नको" म्हणाले.