न मागितलेली सुट्टी

आमचं गाव जूचंद्र सोडलं तेव्हा भात पोटरीला आलं होतं. सत्त्याण्णव साल. आई दारापर्यंतही आली नाही. चुलीपाशी पाठ करून बसून राहिली. बाबांनी माझी बॅग रिक्षात ठेवली आणि एवढंच म्हणाले, "तिकरचं पानी पयलं पयलं बाधंल. उकलून पी."

गोखिवऱ्याच्या ज्या कारखान्यात मी फिटर होतो तो बंद पडला होता. मेहुण्याने कॅनडाला बोलावून घेतलं. तिथे मला मोटरहोमच्या यार्डात काम मिळालं. मोटरहोम म्हणजे बसएवढी गाडी. आत बिछाना, शेगडी, संडास, पाण्याची टाकी, सगळं. लोक उन्हाळाभर त्यातून हिंडतात आणि ऑक्टोबरात आमच्याकडे आणून ठेवतात. बर्फ पडायच्या आत प्रत्येक गाडीतलं पाणी काढायचं, हे माझं काम. आधी गिझर थंड करून रिकामा करायचा, मग टाकी. सगळे नळ उघडे ठेवून गाडीखालच्या तोट्या सोडायच्या. शेवटी न गोठणारं गुलाबी औषध पंपाने आत ओढायचं, प्रत्येक नळातून गुलाबी धार येईपर्यंत. एखाद्या वळणात पाणी राहिलं तर ते गोठून फुगतं आणि नळी फाटते. मालकाला ते वसंतात कळतं, तेव्हा गाडीतली जमीन भिजून कुजायला लागलेली असते.

माझा तिसरा ऑक्टोबर होता. सकाळी यार्डाच्या ऑफिसात धाकट्या भावाचा, मोरूचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती, तो पीसीओवरून बोलत होता.

"दादा, बाबा कापनी करताना शेतातच पडले. अर्धं अंग गेलंय. बोलता येत नाही, पन तुझं नाव घेतलं की दाराकडे बघतात. तू ये."

मी म्हणालो, "सुट्टी देत नाहीत रे. थंडीच्या आधी गाड्या संपवायच्यात."

आमचा मालक पीटर समोरच चहा पीत बसला होता. त्याला मराठी कळत नव्हतं. आणि मी त्याला काही विचारलंच नव्हतं.

मोरूने फोन आईला दिला. "बरा हायेस ना?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. तिने फोन ठेवला.

का विचारलं नाही, याची कारणं मी पुष्कळ जमवली. नोकरी पक्की व्हायची होती. अर्धांगाची माणसं वर्षानुवर्षं काढतात. पण खरं कारण वेगळं होतं. ज्या माणसाने पाठीवर भाताचे भारे वाहिले, त्याला कोणीतरी कुशीवर वळवतंय, हे मला बघायचं नव्हतं. मी घाबरलो होतो.

नऊ दिवस मी पाठीवर झोपून सिंकखालच्या नळ्या सोडत राहिलो. दहाव्या दिवशी पीटर स्वतः चालत मी होतो त्या गाडीपाशी आला. बाबा गेल्याचा निरोप त्याच्याकडेच आला होता.

"किती दिवस आजारी होते?" त्याने विचारलं.

"नऊ."

 तो म्हणाला, "मला सांगायचं होतंस. त्याच दिवशी पाठवलं असतं." त्याने माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि उरलेली गाडी स्वतः करायला आत वाकला.

मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. ओटीवर बसलेल्या बायका माझ्या मालकाला शिव्याशाप देत होत्या. मोरू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "दादाला सोडलंच नाही हो. मेलेल्या काळजाची मानसं ती." मी मान खाली घालून ऐकत होतो. एकदाही म्हणालो नाही की, तसं नाही.

तेराव्यानंतर आई एकटी तांदूळ निवडत बसली होती. तिला सांगितलं, "आय, मी सुट्टी मागितलीच नव्हती."

तिचा हात थांबला नाही. "मना समाजलं व्हतं," ती म्हणाली. "फोनवर तुजा आवाज आयकला तवाच." मग म्हणाली, "मोरूला सांगू नको. त्याला पुढं तू लागशील."

मोरूच्या त्या फोनआधी दर वेळी ती "कंदी येशील?" विचारायची. त्यानंतर नातवंडांची चौकशी करायची, बर्फ किती पडला विचारायची. तो प्रश्न मात्र परत कधी आला नाही. सहा वर्षं मी वाट बघितली, मग तीही गेली.

मोरू, तिचं ऐकून आजवर गप्प होतो. तू अजून पाहुण्यांना माझ्या निर्दयी मालकाची गोष्ट सांगतोस. मागच्या खेपेस माझ्या मुलीलाही सांगितलीस, आणि ती घरी परतल्यावर पीटरशी बोलेना. म्हणून हे लिहितोय. शेताच्या जागी इमारत उभी राहिली, तेव्हा तिच्यातल्या तुझ्या फ्लॅटमध्ये तू एक खोली माझ्या नावाने ठेवलीस. कपाटाची चावीसुद्धा कोणाला देत नाहीस. इथे माझं स्वतःचं घर आहे, तरी कोणी गाव विचारलं की माझ्या डोळ्यांसमोर तीच खोली येते. हे वाचून ती ठेवायची की नाही, ते तू ठरव. मी विचारणार नाही. तू सांगशील ते ऐकेन.