राहत असल्याचा दाखला

आमच्या सोसायटीत त्यांना 'रेफ्युजी' म्हणायचे. आले होते कुठून? त्याच मुंबईतून, जिथून पाच वर्षांपूर्वी आम्ही टेम्पोत गाद्या बांधून मीरा रोडला, पूनम सागरच्या बाजूला राहायला आलो होतो. आम्ही शिफ्ट झालो होतो आणि ते मात्र रेफ्युजी.

त्र्याण्णवच्या जानेवारीत, दंगलीत घरं जळाल्यावर बरीच मुसलमान कुटुंबं मीरा रोडला ओळखीपाळखीच्यांकडे आली. आमच्या तळमजल्यावरच्या एका रिकाम्या फ्लॅटची किल्ली मालकानं आपल्या शिंप्याला दिली. शिंपी हाताला जखम होऊन हॉस्पिटलात होता, म्हणून त्याची बायको, म्हातारी सासू आणि दोन मुली आधी आल्या.

त्या बाईला आमच्याकडून एकच गोष्ट हवी होती. ती इथे राहते, असं सोसायटीच्या पॅडवर लिहिलेलं पत्र. रेशनकार्ड घराबरोबर जळालं होतं. पत्राशिवाय नवं कार्ड नाही, कार्डाशिवाय रॉकेल नाही, आणि रॉकेल नाही तर स्टोव्ह पेटणार कशावर? माझे मिस्टर सोसायटीचे सेक्रेटरी होते. पॅड आणि शिक्का आमच्याच कपाटात असायचा. माझं अक्षर बरं म्हणून पत्रं मी लिहायची आणि त्यांनी फक्त सही ठोकायची, असं चाललेलं असे. आम्ही राहायला आलो तेव्हा असंच पत्र आम्हाला चहा संपायच्या आत मिळालं होतं.

चेअरमन म्हणाले, "एकदा पत्र दिलं ना, की हे कायमचे चिकटणार."

मिस्टर म्हणाले, "बघतो, कमिटीपुढे ठेवतो." कमिटीपुढे ठेवायचं म्हणजे गाडून टाकायचं, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी भाजी निवडत बसले.

मदत करायची खाज मात्र आमच्या महिला मंडळाला फार. संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर होतं. वाण म्हणून द्यायला प्लॅस्टिकच्या चहाच्या गाळण्या आणून ठेवलेल्या होत्या. "यंदा त्यांनाही बोलवू या गं, बिचाऱ्या!" असं अध्यक्षीणबाई म्हणाल्या आणि सगळ्यांचे डोळे पाणावले. मग त्या बायकांना कुंकू लावायचं की नाही, यावर तासभर खल झाला. शेवटी ठरलं की कुंकवाचा करंडा लांबूनच दाखवायचा आणि अत्तर तेवढं हाताला लावायचं. घरात चूल पेटत नाही त्या बाईला गाळणी काय कामाची, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. वाणात कमीजास्त नको, सगळ्यांना सारखं, एवढंच आम्ही पाहिलं.

बोलावणं करायला मीच गेले. तिनं दारातच पत्राचं विचारलं. मी म्हणाले, "पहले प्रोग्रॅम में आओ ना, फिर देखते हैं." म्हणून ती आली. शिंप्याची बायको, आणि अंगात दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचा ढगळ ड्रेस. तिला पुढे बसवलं, हातावर तिळगूळ ठेवला, मनगटाला अत्तर फासलं. "गाळणी जरा वर धरा, दिसत नाहीये," असं म्हणत फोटो दोनदा काढला. मागे एक जण कुजबुजली, "एवढं झालंय म्हणतात, पण नखं बघ, रंगवलेली!" मला ऐकू आलं. मी हसलेसुद्धा. आज आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

तो फोटो नोटीस बोर्डावर लागला. पत्राचं कुणी नाव काढलं नाही. दोनदा ती वर येऊन गेली आणि दोन्ही वेळा मी "साहेब ऑफिसला गेलेत" म्हणून दार लोटलं.

मग तिनं बिल्डिंगच्या मागे तीन विटा मांडल्या. बाजूच्या बांधकामावरच्या फळ्यांचे तुकडे आणून ती त्यावर भात शिजवायला लागली. धूर पहिल्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरला, आणि सोसायटी खडबडून जागी झाली. पत्रासाठी महिनाभर न जमलेली कमिटी धुरासाठी त्याच संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये जमली. मी पोहे केले.

"कडक लिहा," चेअरमन मला म्हणाले. मी कडक लिहिलं. सोसायटीच्या पॅडवर, वर तारीख, खाली तिचं पूर्ण नाव. 'आपण आमच्या सोसायटीत तळमजल्यावर फ्लॅट क्रमांक तीनमध्ये सहकुटुंब राहत असून, मागील मोकळ्या जागेत चूल पेटवत आहात. ते ताबडतोब बंद करावे.' मिस्टरांनी सही केली, मी शिक्का मारला. शिक्का नीट उठावा म्हणून दाबून मारला, हेही आठवतंय. कागद तिच्या हातात द्यायची हिंमत कुणातच नव्हती. वॉचमननं तो दाराच्या फटीतून आत सरकवला.

चारपाच दिवसांनी बेल वाजली. ती दारात. आता ही भांडणार, म्हणून मी साखळी न काढताच दार उघडलं. तिच्या हातात नवं कोरं रेशनकार्ड होतं.

"भाभी, आपका कागज काम आ गया," ती म्हणाली. "रेशन ऑफिसवाला बोला, नाम है, फ्लॅट नंबर है, सिक्का है, सेक्रेटरी का साइन है. और क्या चाहिए? आज से रॉकेल मिलेगा. पीछे की ईंटें भी उठा दीं मैंने."

तिच्या बोलण्यात टोमणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला. तो नव्हता. कागदावर काय लिहिलंय हे तिला कळत होतं की नव्हतं, ते मी विचारलं नाही. तिनं साखळीच्या फटीतून आत हात घालून माझा हात धरला आणि म्हणाली, "अल्लाह आपको खुश रखे. आपने ही लिखा ना?"

मी मान हलवली. वर हळूच म्हणाले, "इसीलिए तो ऐसा लिखा था."