पकडीचं माप

ओडैकुप्पमच्या कोळीवाड्यातल्या होड्या दिसू लागल्या तेव्हा बालाजीराव पहिल्यांदा थांबले. चेन्नईतल्या तिरुवान्मियूरहून निघून पाऊण तास झाला होता आणि शैलाच्या चपलांत एव्हाना मूठभर वाळू गेली होती. दर शुक्रवारी ती अशी किनाऱ्याकिनाऱ्याने अष्टलक्ष्मीच्या देवळापर्यंत चालत जायची. बँकेतून निवृत्त झाल्यापासून नवऱ्याची, गजेंद्रची, झोप आठपर्यंत लांबली होती, म्हणून एकटीच. गेले चार महिने मात्र वरच्या मजल्यावरचे बालाजीराव सोबत येऊ लागले होते. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत आज सातवी फळी होती.

"दमलात का काका?"

"दमलों नाही. उजेड आला, हिला जरा बघतों."

त्यांनी फळी बाहेर काढली. समुद्रावर दोघंजण समोरासमोर उभे राहून रबरी चेंडू टोलवतात, त्यासाठीची लाकडी फळी. धरायला मूठ आणि पुढे ताटलीएवढं गोल पान. बाजारात मिळते ती जाड प्लायवूडची असते. ही शिवणीच्या लाकडाची होती, पान कडेला इतकं पातळ तासलेलं की सूर्यासमोर धरल्यावर कडा मधासारखी दिसली. त्यांनी ती एका बोटावर आडवी तोलली. फळी थोडी डुलली आणि स्थिर झाली.

"किती भरली?" शैलाने विचारलं.

"एकशें शहाण्णव ग्रॅम. सहावी दोनशें चाळीस होती."

"आता एकदा कागदाचीच करा."

"कागदाला टक् आवाज येत नाही. आवाज नाही आला तर सकवार विचारील, हें काय दिलेंत हातांत, पापड?"

शैला हसली खरी. पण सातवी फळीसुद्धा त्यांच्या बायकोच्या, सकवारबाईंच्या, हातातून पडणार होती. का पडणार हे तिला चार आठवड्यांपासून माहीत होतं आणि ज्यांना ते कळायला हवं, ते शेजारी उभे राहून पानाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

बालाजीराव तंजावरचे. त्यांच्या घराण्यातलं कोणी तरी तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून दक्षिणेत उतरलं आणि तिथलंच झालं. त्यांनी स्वतः महाराष्ट्र पाहिलेला नव्हता. शैला जळगावकडची, मराठी शाळेत शिकलेली. पहिल्यांदा जिन्यात भेटले तेव्हा "अस्कीं बरीं आहेत ना घरीं?" असं त्यांनी विचारलं आणि ती बघतच राहिली. 'अस्कीं' म्हणजे सगळी, हे कळायला तिला दोन दिवस लागले. जुन्या पोथीतलं मराठी तमिळ हेल काढून बोलणारा माणूस तिने आधी पाहिला नव्हता. सकवारबाईंनी त्याच आठवड्यात तिला वर बोलावून कॉफी पाजली आणि म्हणाल्या, "अगे, तुझें मराठी फार वेगानें धांवतें. जरा ब्रेक लाव."

एकोणिसाव्या वर्षी बालाजीराव चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले ते थेट साठाव्या वर्षी बाहेर पडले. काम लाकडी साचे करण्याचं. फाउंड्रीत लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात घडवावा लागतो, मग तो लाकडी भाग वाळूत दाबून त्याचा ठसा घेतात आणि त्या पोकळीत रस ओततात. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून लाकूड मापापेक्षा केसभर मोठं ठेवायचं. किती मोठं, हे ज्याच्या हातात बसलेलं असतं तो खरा कारागीर. बालाजीरावांच्या हातात ते बसलं होतं. कोणतीही वस्तू हातात घेतली की ती उद्या किती आकसेल हे त्यांना आधी दिसायचं. दुकानात शर्ट घेतानासुद्धा ते तसाच विचार करतात, असं सकवारबाई सांगायच्या. "म्हणून यांचे अस्के शर्ट आयुष्यभर ढगळ!"

रविवार मात्र समुद्राचा. लग्न होऊन बायको चेन्नईत आल्यापासूनचा नेम. एलियट्स बीचवर, ओल्या वाळूच्या पट्ट्यात, सकवारबाई नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून उभ्या राहायच्या आणि दोघं चेंडू टोलवायची. हार-जीत नाही. चेंडू खाली न पडता किती टोले झाले, एवढंच मोठ्याने मोजायचं, तेही तमिळमध्ये. एकदा तीनशे अकरा झाले होते. भोवती माणसं जमली होती आणि उकडलेल्या चण्यांचं सुंडल विकणारा विकायचं विसरून टोले मोजत होता. शैलाने हे सगळं फक्त ऐकलं होतं. ती इथे राहायला आली तेव्हा आकडे शंभर-सव्वाशेवर आलेले. तरी त्या दोघांना पाहत वाळूत बसलं की तिला देवळात बसल्यासारखं वाटायचं.

गेल्या पोंगलनंतर सकवारबाईंना अर्धांगाचा झटका आला. बोलणं वाचलं, चालणं बरंचसं परतलं, उजवा हात मात्र लुळाच राहिला. व्यायाम शिकवायला येणारी सौम्या नावाची मुलगी म्हणाली, हाताला जी सवय सगळ्यात जुनी असेल ती त्याला करू द्या. तेवढ्या एका वाक्यावर बालाजीरावांनी बाल्कनीत पटाशी, रंधा, कानस मांडली. बंगळुरूहून मुलीने, रम्याने, परदेशी बनावटीची पिसासारखी हलकी रॅकेट पाठवली होती. सकवारबाईंनी ती डाव्या हाताने चेंडूवर आपटून पाहिली आणि म्हणाल्या, "हिचा आवाज चमच्यानें डबा वाजविल्यासारखा येतो. तुम्ही करा."

तुम्ही करा, म्हणाल्या. तिथून सगळं सुरू झालं.

साचे करणाऱ्याच्या शिस्तीने त्यांनी आधी माप घेतलं. मेण कोमट करून त्याचा लांबट गोळा बायकोच्या उजव्या हातात दिला. "धर, जशी फळी धरतेस तशी." सकवारबाईंनी धरला. मेण निवल्यावर तळव्याची नि बोटांची जागा जशीच्या तशी उमटलेली त्यांनी शैलाला खाली येऊन दाखवली. डोळे भरले होते. "बघा, पकड आहे! हात गेला नाही. फळी जड होते, इतकेंच."

त्या मापाने पहिली मूठ झाली आणि त्याच मुठीवर पुढच्या सगळ्या फळ्या. दर रविवारी रिक्षाने समुद्रावर जायचं, सकवारबाईंना उभं करायचं, हातात फळी द्यायची. दोन टोले, कधी तीन. मग फळी वाळूत. पट्टा बांधून पाहिला तर मनगटाला पीळ बसून त्या रात्रभर कण्हत राहिल्या. डाव्या हाताने पाहिलं, तर चेंडू समुद्रात आणि सकवारबाई रागात. बालाजीराव घरी येऊन पुन्हा पान तासायचे. दोनशे नव्वद, दोनशे सत्तर, दोनशे चाळीस.

चार आठवड्यांपूर्वी शैला हळदीकुंकवाला वर गेली होती. बालाजीराव लाकूड आणायला गेले होते. सकवारबाई खिडकीशी बसलेल्या, उजवा हात मांडीवर उताणा पडलेला. शैलाने कुंकू लावलं तशा त्या एकदम म्हणाल्या, "त्या दिवशीं मी दांत आवळून दाबलें गे."

"काय दाबलं काकू?"

"मेण. डाव्या हातानें खालून आधार दिला. ते रंधा आणायला आंत वळले तेवढ्यांत डाव्या हातानें एक एक बोट रुतविलें. काय करूं? लहान मुलासारखे समोर बसले होते." मग थोडं थांबून, "एकदां फसविलें. आतां दर रविवारीं फसवितें. ते समोर उभे असले कीं खांद्यापासून सगळा जोर आणून धरितें, दोन टोले होतात. त्यांना वाटतें, आणखी दहा ग्रॅम काढले तर चार होतील."

"मग सांगून टाका ना त्यांना."

"सांगितलें तर ते काय करतील दिवसभर? त्या बाल्कनींत?" सकवारबाईंनी डाव्या हाताने कुंकवाचा करंडा पुढे सरकवला. "ह्यावर हात ठेव. बोलणार नाहींस."

शैलाने ठेवला. नको म्हणायचं तिला सुचलंच नाही. त्या दिवसापासून ती सकाळी देवापुढे उभी राहिली की हात जोडून नुसतीच उभी राहायची. सांगितलं तर कुंकवावरचा शब्द मोडणार होता. नाही सांगितलं, तर एक म्हातारा माणूस खोट्या मापावर आपली बोटं सोलून घेत राहणार होता. यातलं कुठलं बरोबर, हे देवाला विचारायचं तरी कुठल्या शब्दांत?

देऊळ आलं. समुद्राकडे पाठ करून दोघं आत गेली. वरच्या मजल्यापर्यंत पायऱ्या चढताना बालाजीरावांनी पिशवी छातीशी धरली होती. शैला एकेका लक्ष्मीपुढे थांबत गेली. धन देणारी, धान्य देणारी, विद्या देणारी, विजय देणारी. आठांपैकी हाताच्या बोटांचं कोण बघतं ते तिला ठरवता येईना, म्हणून तिने धैर्यलक्ष्मीपुढे डोळे मिटले. उघडले तेव्हा बालाजीराव शेजारी नव्हते. ते बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले होते, कपाळाला कुंकू, तोंड समुद्राकडे. फळी पिशवीतून काढून त्यांनी मांडीवर ठेवली होती.

"शैलाबाई, बसा. एक विचारितों."

ती बसली.

"काल रम्याचा फोन आला. म्हणाली, अप्पा, किती दिवस करणार? मला राग आला. रागांत तें पहिलें मेण काढलें, म्हटलें बघूं, चुकतें कुठें. चाळीस वर्षें हेंच केलें, भाग वाकडा आला कीं लोखंडाला शिव्या द्यायच्या नाहीत, मागें जाऊन साचा बघायचा. मी मात्र सहा फळ्यांत एकदांही मागें गेलों नाही." त्यांनी फळी उलटी केली. "मेणांत नखें आहेत. खोल. फळी धरतांना कोणी नखें रुतवितें? शिवाय बोटें तिरकीं पडलींत, दुसऱ्या कोणी दाबल्यासारखीं."

शैलाने खाली वाळूकडे पाहिलं. काही बोलू नये म्हणून तिने पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"तुम्हांला ठावें होतें," बालाजीराव म्हणाले.

शब्द मोडला नव्हता तिने, पण गप्प बसणंही आता बोलण्यासारखंच झालं होतं.

"सरी, सरी. बरें, राहूं द्या. तिनें शपथ घातली असेल. घालतेच ती. लग्न झालें तेव्हां माझी सिगारेट एका शपथेंत बंद केली." ते हसले. "मी फळीचे ग्रॅम काढीत बसलों. ती इकडे माझ्यासाठीं खांद्यानें ओढीत होती. पाहिलेंत का, रविवारनंतर दोन दिवस तिचा खांदा उतरतो? मी म्हणतों, समुद्राचा वारा लागला."

"काका, तुम्ही काकूंसाठीच तर करत होतात."

"तें अस्कें खरें. पण मूठ चुकली." खाली एक कोळीण जाळं झटकत होती आणि तिची कुत्री त्यात तोंड घालायला बघत होती. "दुसरें मेण द्यायला गेलों तर ती पुन्हां तसेंच करील. माझ्यासमोर ती हात सैल सोडायची नाही. आज नाही, कधींच नाही."

"मग?"

"रविवारीं तुम्ही खेळा तिच्याबरोबर. मी सांगतों, गुडघा धरला आहे, घरींच राहतों."

"मी? मला एक चेंडू धड टोलवता येत नाही. गजेंद्र म्हणतात, हिच्या हातात लाटणंसुद्धा घाबरून असतं."

"चांगलेंच आहे. तुमच्यासमोर चुकायला तिला लाज वाटणार नाही." त्यांनी सातवी फळी शैलाच्या हातात दिली. खरंच, नसल्यासारखीच होती ती. "टोले मोजूं नका. फक्त हात बघा. फळी सुटते तेव्हां पहिलें कुठलें बोट उघडतें, करंगळी कीं अंगठा कीं मधलें, तेवढें नीट बघून या. त्या बोटाखालीं लाकूड वाढवितां येतें. एका बोटाचें काम दुसऱ्यावर टाकतां येतें. मी करूं शकतों तें. पण मला खरें सांगायचें. आतां तुम्ही तरी खरें सांगा."

शैलाला मांडीवर उताणा पडलेला तो हात दिसला. एखादं बोट असं त्यात वेगळं निवडता आलं असतं तर.

"आणि काका," तिने हळूच विचारलं, "सगळीच एकदम उघडली तर?"

बालाजीरावांनी चष्मा काढला, वेष्टीच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मग समुद्राकडे बघतच म्हणाले,

"तर मग खरें नका सांगूं. कुठलें तरी एक बोट सांगा."