भोयर मॅडमची संध्याकाळची साडी

त्या रविवारी मी भोयर मॅडमकडेच निघाले होते. कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळून डब्यात भरल्या होत्या, चपला पायात घातल्या होत्या आणि किल्ली शोधत होते, तेवढ्यात वसंतरावांचा, म्हणजे मॅडमच्या यजमानांचा, फोन आला. मला वाटलं, येताना दही घेऊन ये म्हणून सांगतील. ते म्हणाले, "मेघा, निघाली काय वं तू?" मी म्हटलं, निघालेच. तर म्हणाले, "ये. पण शालिनी गेली वं. झाडांना पाणी घालून खुर्चीवर बसली, ते उठलीच नाही." मी डबा हातात घेऊनच गेले. का नेला, कोण जाणे. त्या घरी रिकाम्या हाताने जायची सवय नव्हती, एवढंच.

त्या दिवशी मी नुसती भेटायला जात नव्हते. मला त्यांना एक प्रश्न विचारायचा होता. आठवडाभरापूर्वी माझी लेक ओवी शिकायला पुण्याला गेली. बॅग भरताना आमची जुंपली, कशावरून तर एका चादरीवरून. मी म्हटलं, "एवढी मोठी झालीस, घरात काय कुठे असतं ते माहीत नाही तुला!" ती बॅगेची चेन ओढता ओढता म्हणाली, "तुला तरी कुठे माहीत आहे? तू घरी होतीस कधी?" बस, एवढंच. नंतर ती विसरलीसुद्धा असेल. पुण्याला पोचल्यावर नेहमीसारखा मेसेज आला, फोटो आले. पण मला ते वाक्य असं लागलं की भाकरी थापताना आठवायचं, ऑफिसात सही करताना आठवायचं. नोकरी आणि घर एकाच वेळी सांभाळता येतं, हे मला भोयर मॅडमनी शिकवलं होतं. त्यांच्या भरवशावर मी पोरीचं सगळं बालपण पणाला लावलं होतं. म्हणून त्यांनाच विचारायचं होतं, "मॅडम, खरं सांगा, आपल्याला जमलं का हो?" ते राहूनच गेलं.

मॅडम नागपूरजवळच्या कुहीकडच्या. धान पिकवणाऱ्या घरातली मुलगी, घरात पहिलीच एवढी शिकलेली. रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाल्या आणि कोराडीच्या वीज केंद्रातल्या प्रयोगशाळेत लागल्या. मी तिथे रुजू झाले तेव्हा त्या प्रमुख होत्या, आता निवृत्त. बॉयलरमध्ये जाणारं पाणी तपासायचं, हे आमचं काम. ऐकायला साधं वाटतं, पण ते पाणी आपल्या पिण्याच्या पाण्यापेक्षाही स्वच्छ लागतं, जरा बिघडलं की आतल्या नळ्यांची वाट लागते. त्यामुळे फोन कधीही यायचा, सणाला, लग्नात, जेवणाच्या पानावर. आणि अशा नोकरीत, जिथे कोळशाचे ट्रक दिवसभर धूळ उडवत जातात अन् खिडकीच्या कठड्यावर सकाळ-संध्याकाळ राख बसते, तिथे ही बाई यायची कशी? तर कडक खळ घातलेली सुती साडी, पापडासारखी. एकरंगी, बारीक काठाची. निऱ्या अशा की वाटावं पट्टी ठेवून मोजल्यात. वर पांढरा कोट, पण बटणं उघडी, निऱ्या दिसल्या पाहिजेत ना! मानेवर घट्ट अंबाडा. नागपूरचा मे महिना असो, मॅडमची साडी काही मान टाकायची नाही.

पहिल्याच आठवड्यात मी चुरगळलेल्या कुर्त्यात मीटिंगला निघाले, तर त्यांनी मला दारात अडवलं. "अशी चालली काय वं?" मी म्हटलं, मॅडम, रिपोर्ट बरोबर आहे, कपड्यांचं काय एवढं? "काय एवढं? आपलं ऐकायच्या आधी लोक आपल्याले पाहतेत. मंग असं दिसायचं का पुढचं त्याईले ऐकाच लागन." आणि कपाटातून इस्त्री काढून दिली. हो, प्रयोगशाळेत इस्त्री होती. काचेच्या नळ्यांच्या शेजारी. मला तेव्हा राग आला होता, पण त्या मीटिंगमध्ये माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं गेलं, हेही खरं.

त्यांची खरी गंमत मात्र संध्याकाळची. ऑफिस सुटायची वेळ झाली की मॅडम मागच्या स्टोअररूममध्ये जायच्या आणि थोड्या वेळाने दुसरीच बाई बाहेर यायची. मऊ, फुलाफुलांची साडी, अंबाड्याची वेणी झालेली, टिकली मोठी, मोगऱ्याचे दिवस असले तर गजरासुद्धा. "राख घरी नाही न्यायची वं," असं त्या सांगायच्या. "अन् साडी बदलली का ऑफिस बंद." एकदा का त्या फुलांच्या साडीत बाहेर आल्या, की कोणी त्यांच्यापुढे कागद धरायचा नाही, हा आमच्या प्रयोगशाळेचा अलिखित कायदा. आमचे शिपाई देवाजी दारातच सांगायचे, "मॅडम बदलल्या गा. आता उद्या." आणि लोक मुकाट्याने परत जायचे. घरी फोन आला तर वसंतराव उचलायचे. ते शाळेत मास्तर, आवाज खणखणीत. "भोयर मॅडम ऑफिसातून निघाल्या. इथे शालिनी आहे, तिले त्यातलं काही समजत नाही." अगदीच अडलं असेल तर पुन्हा फोन करा, म्हणायचे. मग खरंच अडलेलं असलं की मॅडम परत कडक साडी नेसून हजर. फुलांच्या साडीत त्या कधी प्लांटमध्ये शिरल्याचं मला आठवत नाही.

एकदा तर कहरच झाला. नवे साहेब आले होते, दोन-तीनच दिवस झाले असतील. संध्याकाळी व्हरांड्यात त्यांनी फुलांच्या साडीतल्या मॅडमना गाठलं आणि कसलासा अहवाल मागितला. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, भोयर मॅडम गेल्या. सकाळी भेटतील." साहेब म्हणाले, "अच्छा अच्छा, सांगा त्यांना," आणि चालते झाले! आम्हाला वाटलं, टोमणा समजून घेतला बिचाऱ्यांनी. छे! दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रयोगशाळेत येऊन मॅडमना म्हणतात, "काल संध्याकाळी तुमची बहीण भेटली होती. फार साधी आहे हो." मॅडमनी चेहरा असा ठेवला की काही विचारू नका. "हो साहेब, लहान आहे ती. घरीच असते." साहेबांची बदली होईपर्यंत ती बहीण आम्ही जिवंत ठेवली. देवाजी तर कधी कधी मॅडमनाच विचारायचे, "बहीणबाई बऱ्या आहेत ना?"

म्हणजे त्या काही देवमाणूस होत्या असं नाही हं. राग नाकावर. साड्यांचा भलता सोस. आपल्या रंगाची साडी दुसरी कोणी नेसून आली की दुपारपर्यंत बोलायच्या नाहीत. वसंतराव म्हणायचे, "हिच्या कपाटासाठी आता एक क्वार्टर वेगळं मागावं लागते." पण माझ्यासाठी त्यांनी जे केलं, ते माझ्या सख्ख्या बहिणीनेही केलं नसतं.

ओवी झाली, बाळंतपणाची रजा संपत आली आणि माझा धीर सुटला. पोर रात्रंदिवस रडायची, सासूबाईंचे गुडघे गेलेले, नवरा फिरतीवर. मी राजीनामा द्यायचं ठरवलं आणि तसा निरोप धाडला. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मॅडम आमच्या मानकापूरच्या घरी, फुलांच्या साडीत. मी गाऊनमध्ये, खांद्यावर पोरीने काढलेलं दूध वाळलेलं, केसांना कितीतरी दिवस फणी नाही. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे काय होऊन राहिलं वं?" मी रडायलाच लागले. म्हटलं, मॅडम, मला नाही जमत, मी सोडते. त्यांनी ओवीला माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाल्या, "सोड ना. कोण नाही म्हणते? पण आधी आंघोळ कर, बरी साडी नेस, अन् मंग लिही. गाऊनमधला निर्णय मी नाही मानत." सासूबाई हसल्या, मलाही रडता रडता हसू आलं. मी आंघोळ करून साडी नेसून बाहेर आले, तर पोर त्यांच्या मांडीवर झोपलेली, आणि त्या चहा पीत सासूबाईंशी धानाच्या जातींवर गप्पा मारताहेत.

मला म्हणाल्या, "लिहून राहिली काय आता?" मी मान हलवली, नाही. "नको लिहू. थोडे दिवस माझ्यासारखं करून पाहा. स्टोअररूममधे तुले एक खुंटी देतो. सकाळचं तिथे टांगायचं, संध्याकाळचं घालून घरी जायचं. नाही जमलं तर मीच तुया राजीनाम्यावर सही करतो." ती खुंटी मला मिळाली. गेली अठरा वर्षं मी संध्याकाळी ऑफिसचा कुर्ता तिथे टांगते आणि दुसरा घालून निघते. माझी ठाम समजूत होती की ऑफिस त्या खुंटीवरच राहतं, घरी फक्त ओवीची आई जाते. ओवीच्या त्या एका वाक्याने नेमकी तीच समजूत डळमळली.

तेरवीच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मॅडमच्या मुलीने, वर्षाने, मला आतल्या खोलीत बोलावलं. ती हैदराबादला असते, तिथेच नोकरी. कपाट उघडून बसली होती, एका बाजूला कडक साड्या, दुसऱ्या बाजूला मऊ. "मावशी, तुम्हाले कोणती पाहिजे ते घ्या." माझा हात पुढे होईना. जो प्रश्न मॅडमना विचारायचा होता तो मी तिलाच विचारला. म्हटलं, "वर्षा, राग मानू नको, पण खरं सांग. तुझी आई घरी असायची का गं?"

ती हसायलाच लागली, डोळ्यांत पाणी अन् हसतेय. "घरी? अवं मावशी, कायची घरी! पाण्याचा गिलास हाती घेतला का ट्यूबलाईटसमोर धरून पाहायची, गढूळ आहे का म्हणून. आम्ही भाऊ-बहीण एकमेकांले खुणवायचो, उघडलं आईचं ऑफिस! भाजी निवडता निवडता गच्चीवर जायची, प्लांटच्या चिमणीचा धूर कोणत्या रंगाचा आहे ते पाहाले. बाबांलेही माहीत होतं. पण तिले वाटायचं का ऑफिस बंद केलं आपण, तर आम्ही कोणी काही बोललो नाही."

म्हणजे मॅडमनाही जमलं नव्हतं. मी म्हटलं, "मग तुला कधी राग नाही आला?"

"आला ना. शिकाले अमरावतीले जाताना चांगली भांडली मी. म्हटलं, तू कधी आमची नव्हतीच, प्लांटची होती. पंधरा दिवसांनी ती मले भेटाले आली. मी स्टँडवर घ्याले गेली तर बस येऊन गेलेली अन् आई कुठेच नाही. शोधून शोधून पाहतो तर बायकांच्या वेटिंगरूममधून निघून राहिली, फुलांची साडी, वेणी, गजरा. हातात पिशवी, तिच्यात प्रवासातली चुरगळलेली साडी कोंबलेली. म्हटलं, आई, काहून इतकी तयार झाली? इथे कोण आहे पाहणारं? तर म्हणते, तू आहे ना." वर्षाने एक मऊ साडी उचलून मांडीवर घेतली. "मंग मले समजलं मावशी. ते ऑफिस-बिफिस बंद करणं सगळं नुसतं सांगण्यापुरतं होतं. मैत्रिणींच्या आया बाहेर जाताना तयार व्हायच्या. आमची आई घरी येताना तयार व्हायची. रोज. आमच्यासाठी."

मी तिथेच बसून पोटभर रडले. दुःखाने कमी आणि आभाराने जास्त, खरं सांगते. अठरा वर्षं ती बाई मला जे शिकवत होती, ते मला राखेचं अन् खुंटीचं वाटत होतं. मॅडम, तुम्ही मला नोकरी वाचवून दिलीत असं मी सगळ्यांना सांगत आले. तुम्ही त्याहून पुष्कळ काही दिलं होतं, मला ते कळायलाच उशीर झाला...

परवाच पुण्याला जाऊन आले. गाडी सकाळी पोचली, रात्रभरचा प्रवास, कपड्यांचा नुसता बोळा झालेला. स्टेशनवरच्या वेटिंगरूममध्ये हातपाय धुतले, केस नीट विंचरले, ओवीला आवडतो तो निळा कुर्ता घातला, काजळ लावलं. शेजारी एक बाई बाळाला दूध पाजत बसली होती, तिने विचारलं, "लग्नाला आलात का?" मी म्हटलं, नाही, असंच. बाहेर आले तर ओवी समोर उभी, झोपाळलेली, स्लीपर घालून आलेली. मला बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"आई, तुझी इथे ऑफिसची मीटिंग आहे का?"

"नाही," म्हटलं, "तुझ्याकडेच आलेय."

ती पुढे झाली, माझी दुमडलेली ओढणी खांद्यावर नीट केली आणि हातातली बॅग घेतली.