भेटीची वेळ : चार ते सहा

माझे आजोबा एका गुरुवारी दुपारी दोन ते चार या वेळात वारले होते. ही त्यांची झोपायची वेळ असल्यामुळे त्यांना स्वतःला याची काहीच कल्पना नव्हती.

मी तेव्हा बारावीत होते आणि कॉलेजात ॲप बनवायला शिकत होते. बाबांना ते मुळीच पसंत नव्हतं. (मोबाईल बघत बसणं आणि मोबाईलचं ॲप बनवणं हा त्यांच्या मते एकच रोग, फक्त दुसऱ्यासाठी वर फी भरावी लागते.) शेवटी त्यांनी अट घातली. "तुझं ॲप आपल्या सोसायटीत एक दिवस नीट चालवून दाखव. नाहीतर बारावीनंतर गपचूप बी.कॉम."

ॲप सूचनांचं होतं. पाणी येणार नाही, लिफ्ट बंद आहे, अमक्यांचं निधन झालं, असं प्रत्येकाला वेगळं बटण. निधनाच्या बटणासाठी नमुन्याचा मजकूर हवा होता. तो आजोबांनी आपणहून सांगितला, आणि तोही स्वतःच्याच नावाने!

"अहो आजोबा, भलतंच काय!"

"मग दुसऱ्याला कशाला मारायचं? लिही. दुसऱ्या मजल्यावरचे वामनराव यांचे निधन झाले. दुःखद लिहू नकोस, ते ज्याचं त्याने ठरवावं. हार आणू नयेत. भेटीची वेळ चार ते सहा. त्याआधी बेल वाजवू नये."

गुरुवारी दुपारी दोनला कॉलेजच्या लॅबमध्ये मी कॉम्प्युटरवर ते बटण दाबलं. संदेश फक्त माझ्या मोबाईलवर यायचा होता. पण बाबांच्या अटीपायी मी आदल्याच दिवशी सगळ्या सोसायटीचे नंबर भरून ठेवले होते, हे साफ विसरले. मोबाईल सरांच्या टेबलावर जमा, आणि परत मिळाला तेव्हा बॅटरी संपलेली. इकडे सोसायटीत पोचलेला मजकूर इतका तुसडा होता, की तो आजोबांनीच मागे लिहून ठेवला असणार याबद्दल कुणालाही शंका आली नाही.

घरी पोचले तर जिन्यात चपलाच चपला. सगळे दाराबाहेर गप्प उभे. बेल कुणीच वाजवत नव्हतं, कारण अजून चार वाजले नव्हते!

खालच्या मजल्यावरचे कानिटकर काका पुढेच होते. पार्किंगवरून त्यांनी आजोबांशी कित्येक वर्षं बोलणं टाकलेलं. गेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून त्यांच्या हातात पिठलं-भाताचा डबा होता.

"गेले गं तुझे आजोबा," म्हणाले आणि ढसाढसा रडू लागले.

मग मीही रडले. अगदी मनापासून! हा संदेश आपणच पाठवलाय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. सकाळी निघताना आजोबांना 'येते' म्हणायचं राहिलं होतं, तेवढंच आठवत होतं. इतक्यात बाबा ऑफिसातून धावत वर आले आणि त्यांनी खिशातून किल्ली काढली.

दार आतूनच उघडलं. बंडीतले आजोबा, हातात चष्मा.

"कोण गेलं?"

"तुम्ही," कानिटकर काका कसेबसे म्हणाले.

आजोबांनी वळून घड्याळ पाहिलं. "वेळेवर आलात. चपला नीट लावा आणि आत या. पिठलं आहे का? मग तुम्ही बसाच, कानिटकर. मला एकट्याला संपायचं नाही."

बाबा बराच वेळ आजोबांचा हात सोडेनात. संदेश माझ्या ॲपवरून आला होता हे लक्षात आल्यावर सोडला, तो माझ्याकडे वळूनच. "उद्याच बी.कॉम.चा फॉर्म आणतो!"

"का?" भाताचा घास थांबवून आजोबा म्हणाले. "निरोप सगळ्यांना पोचला. एकानेही हार आणला नाही, एकानेही चारच्या आत बेल वाजवली नाही. तुझं ऑफिस इतकं नीट चालतं का?"

बाबांनी तो फॉर्म काही आणला नाही. आज मी ॲप बनवण्याचंच पुढचं शिकते आहे.

तो मजकूर पुसायला निघाले, तेव्हा आजोबांनीच अडवलं. "राहू दे. चांगला उतरलाय, लागेल पुन्हा. पाठवायच्या आधी तेवढी खात्री करून घे."

तेव्हापासून कुठलंही बटण दाबायच्या आधी मी आजोबांच्या खोलीत डोकावून येते. मग ते बटण मिक्सरचं का असेना!