दाजींचा पाचवा घाव

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फोर्जिंग शॉपमध्ये सव्वीस वर्षं हॅमर चालवून त्यांचे दोन्ही कान निम्मे गेले होते. राग मात्र पुरेपूर शाबूत होता. सुपरवायझरच्या मुस्कटात दिली म्हणून दोनदा घरी बसले, आणि दोन्ही वेळा कंपनीनेच परत बोलावलं, कारण तसा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. ‘एक घाव दोन तुकडे’ हे लोक नुसतं म्हणतात, दाजी तसं वागायचे.

त्यांच्या हॅमरखाली तापलेला नग सांडशीत धरायचं काम माझं. एका नगाला सात घाव. त्या दणदणाटात बोलायची सोय नाही, सगळा कारभार हाताच्या खुणांचा. कोणी मूठ वर केली की समजायचं, कोणाचा तरी हात मशीनमध्ये आहे. मग हॅमरवाल्याने जागच्या जागी थांबायचं आणि ती मूठ खाली येईपर्यंत हलायचं नाही. मागे मालक बोंबलू दे, नाहीतर सासरा येऊन उभा राहू दे. आमची बोटं जागेवर होती ती या एका नियमामुळे.

त्या वर्षी आमच्या फुटबॉल क्लबचा सामना परदेशात, तिथल्या सगळ्यात तगड्या संघाशी ठरला. दाजी म्हणाले, जायचं. ताईने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

“जातोयस तर जा,” ती म्हणाली. “पण ते एकदा मारायला लागले की थांबत नाहीत, ठाऊक आहे ना? कोणाचा जीव गेला तर जन्मभर तिथेच सडतील. मला माणूस परत हवाय.”

“आणतो,” म्हणालो मी. काय जातंय म्हणायला!

पाहुण्यांच्या स्टँडची तिकिटं संपली होती, म्हणून आम्हाला मिळाल्या त्या यजमान संघाच्या गर्दीतल्या दोन खुर्च्या. क्लबचे मफलर कोटाच्या आत, तोंड बंद, ताकास तूर लागू द्यायची नाही, असं ठरलं. ऐंशी मिनिटं दाजी लग्नातल्या रुसलेल्या मामासारखे गप्प बसले. मग आमच्या पोराने डोक्याने बॉल आत घातला.

“बसला!” दाजी पुटपुटले. म्हणजे त्यांना वाटलं, पुटपुटले. ते चार रांगांनी ऐकलं.

पुढच्या रांगेतला एक टकल्या वळला आणि दाजींच्या तोंडावर थुंकला. दाजींनी रुमाल काढून शांतपणे तोंड पुसलं. ते शांत झाले की समजायचं, आता घाव येणार. रुमाल काढताना कोटातला मफलर दिसला, तशी टकल्याने त्यांची कॉलर धरली, आणि दुसऱ्या क्षणी तो दोन रांगांच्या मधल्या फटीत उताणा पडला होता. दाजी त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसले.

पहिल्या घावाला नाक गेलं. मला आवाज ऐकू आला. दुसऱ्याला दात. घाईगर्दी नाही, शिवीगाळ नाही, हॅमरच्याच तालात. मी सवयीने मोजत होतो. तिसरा. चौथा. टकल्याचे हात गळून पडले होते आणि घशातून घरघर येत होती. पाचवा बसला. सात झाले तर हा माणूस उठत नाही, हे मला लख्ख दिसत होतं. “दाजी!” म्हणून मी ओरडलो, पण त्या गदारोळात मलाही माझं ऐकू येईना.

मी मूठ वर केली.

दाजींनी पाहिलं. उगारलेला हात हवेत थांबला. ते उठून उभे राहिले, हात अंगाशी, नजर माझ्या मुठीवर. टकल्या वाचला.

मग बाकीचे आले. लाथा, बुक्के, बाटल्या. एकाने खुर्ची उपटली आणि तिच्या लोखंडी पायाने दाजींच्या उजव्या कोपरावर मारलं. एकदा, दोनदा, मग मोजायचं सोडून दिलं मी. दाजींनी हात आडवासुद्धा घातला नाही. कपाळातून रक्त डोळ्यांत येत होतं आणि त्यातूनही ते माझ्याकडेच बघत होते, मूठ कधी उतरते म्हणून.

मूठ उतरवायला एक क्षण लागला असता. पण मूठ वर केलेल्या माणसाला ती गर्दी आपल्यातलाच समजत होती. एकाने तर हसून माझ्या पाठीवर थाप मारली. मला कोणी बोट लावलं नाही. पोलीस येईपर्यंत मी मूठ वरच ठेवली. भ्यालो होतो, दुसरं काही नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी खुणेनेच सांगितलं, कोपराचा चुरा झालाय, हा हात आता पुन्हा उठायचा नाही. टकल्या वरच्या मजल्यावर होता, जिवंत. संध्याकाळी दाजींनी डोळे उघडले. मला वाटलं, आता शिवी देतील. द्यायलाच हवी होती.

“कोणाचा हात होता रे मध्ये?” त्यांनी विचारलं.

“माझा,” म्हणालो मी.

ते कसेबसे उठून बसले, डाव्या हाताने माझा हात ओढून घेतला आणि एकेक बोट दाबून बघितलं. अंगठा दोनदा बघितला.

“आहेत सगळी,” ते म्हणाले. “बहिणीला कळव तुझ्या, काळजी करत असेल.”